कुकरची शिट्टी आणि मशीनमधल्या मॅडम

नोकरीतली पहिली काही वर्षं शाळेतली यंत्रं मी फक्त झाकलेली पाहिली. रोह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला रुजू झाले, तेव्हा मुख्याध्यापकांच्या कपाटात एक टेपरेकॉर्डर होता. शिवणाच्या बाईंनी त्याला क्रोशाचं कव्हर विणलं होतं, कडेला गुलाबी नक्षीसुद्धा होती. मुलांच्या कानावर चांगले इंग्रजी उच्चार पडावेत म्हणून तो वरून आला होता. पंधरा ऑगस्टला त्याच्यावर देशभक्तीची गाणी लागायची, स्नेहसंमेलनात कोळीनृत्याची कॅसेट वाजायची आणि उरलेलं वर्ष तो विश्रांती घ्यायचा. मी एकदा तो वर्गात न्यायला मागितला. मुख्याध्यापक म्हणाले, "न्या की, तुमच्यासाठीच आहे. पण बिघडला तर?" या प्रश्नाचं उत्तर मला निवृत्त होईपर्यंत देता आलं नाही.

इंग्रजी अध्यापनात दृक्‌श्राव्य साधनांचा वापर, असा भारदस्त विषय या अंकाच्या संपादकांनी मला दिला आहे. वापराबद्दल सांगायचं तर एवढंच सांगता येईल की, चौतीस वर्षांत साधनं पुष्कळ आली आणि प्रत्येकाबरोबर एक कुलूप आलं. टेपरेकॉर्डरनंतर टीव्ही आला, टीव्हीनंतर संगणक आला, संगणकानंतर भिंतीवर चित्र पाडणारा प्रोजेक्टर. शाळेत आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक नावाच्या नोंदवहीत चढते आणि वस्तू मोडली तर तिथे ज्याचं नाव असेल त्याची मान अडकते. त्यामुळे वस्तू न वापरणं हाच ती नीट ठेवण्याचा खात्रीचा मार्ग असतो. मी याला हसते आहे खरी, पण काही वर्षं किल्ली माझ्याकडे होती आणि मीही तेच केलं.

पुढे माझी बदली संस्थेच्या कासूजवळच्या शाळेत झाली. मी पेणला राहायची. सकाळच्या रोह्याच्या गाडीने कासूला उतरायचं आणि पुढे रिक्षा. मुलं आजूबाजूच्या गावांतली, भातशेतीवाल्यांची. बऱ्याच जणांचे वडील शेती सांभाळून डोलवीकडे किंवा नागोठण्याकडे कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली शिफ्टला जाणारे. इथे मात्र मुख्याध्यापक हौशी होते. संगणक आला तेव्हा त्यांनी नारळ फोडला आणि खंडेनवमीला त्याची यथासांग पूजा केली. कीबोर्डवर झेंडूची फुलं, हळदकुंकू, वर अक्षता. दुसऱ्या दिवशी चार बटणं दाबली की उठेनात. आत तांदूळ अडकले होते. "यंत्राला नैवेद्य पोचला," असं मी म्हटलं, ते सरांना आवडलं नाही.

संगणकाबरोबर एक इंग्रजी शिकवणारी सीडीही आली होती. तिच्यात एक गोरी बाई फार गोड हसून बोलायची. आमच्या मुलांना ती काय म्हणते त्यातलं अक्षरही कळेना. पहिल्या दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, ह्या बाईची दाढ दुखते काय?" वर्ग हसला, मीही हसले. पण पंधरा मिनिटांत अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागला आणि उरलेला अर्धा पंख्याखालची जागा धरायला भांडू लागला.

बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्यातली एक अडचण सांगायला हवी. पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावं लागतं, तसं भाषा बोलायला शिकायचं तर बोलावं लागतं. वर्गात पन्नास मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली दहा हजेरीत आणि "गप्प बसा" म्हणण्यात जातात. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला बोलायला अर्धं मिनिट येतं आणि त्या अर्ध्या मिनिटात ते लाजतं. त्यात माझ्यासारखी बाई समोर असेल तर विचारूच नका. मला चूक ऐकवत नाही. मूल बोलायला लागलं की ते काय सांगतंय हे मला ऐकू येण्याआधी त्याची चूक ऐकू येते आणि मी ती लगेच दुरुस्त करते. घरातही करते. आमच्या यजमानांनी माझ्यासमोर इंग्रजी बोलणं लग्नानंतर वर्षभरातच सोडलं.

तालुक्याला एक प्रशिक्षण झालं, तिथे एका तरुण सरांनी सोपी युक्ती सांगितली. आपल्याच आवाजात मोबाईलवर प्रश्न रेकॉर्ड करायचा, मग मुलाला उत्तर द्यायला थोडी रिकामी जागा सोडायची, मग शाबासकी द्यायची आणि पुढचा प्रश्न विचारायचा. रेकॉर्डिंग संगणकाला जोडलं की मुलं आपापली येऊन बोलतील. शाबासकी विसरायची नाही, असं त्यांनी तीनदा बजावलं. बहुधा माझ्याकडे बघूनच बजावलं.

एका रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात बसून ते काम केलं. तेवढी एकच खोली शांत होती, कारण पुढच्या बाजूला शेजाऱ्यांच्या गणपतीच्या कारखान्यात रंगाचा कॉम्प्रेसर चालू होता. वीस प्रश्न होते. तुझं नाव काय, तू कुठे राहतेस, तुझे वडील काय करतात, असे. प्रत्येक प्रश्नानंतर मी टेबलावर बोटाने आठ ठोके मोजायची, तेवढी उत्तराची जागा. मग म्हणायची, "व्हेरी गुड. नेक्स्ट." समोर चूक करणारं कुणी नसलं की माझा स्वभाव किती चांगला होतो, हे मला त्या दिवशी कळलं. पाचव्या प्रश्नानंतरच्या रिकाम्या जागेत कुकरची शिट्टी झाली. पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचा कंटाळा आला, म्हणून ती तशीच राहू दिली.

मुलांनी ते रेकॉर्डिंग डोक्यावर घेतलं. इंग्रजीसाठी नव्हे, तर मॅडम "व्हेरी गुड" म्हणतात हे ऐकायला. दोन दिवस संगणकाच्या खोलीबाहेर रांग होती. आठवीतला एक जण तर मित्राला सांगत होता, "मशीनमधल्या मॅडम लय चांगल्या हायत रे." मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण काहीही बोललो तरी त्या व्हेरी गुडच म्हणतात. कुणी मराठीत उत्तर दिलं, कुणी आगरी बोलीत मला दोन शब्द सुनावले, कुणी नुसतंच खोकलं. सगळ्यांना व्हेरी गुड मिळालं.

थोड्याच दिवसांत विस्तार अधिकारी शाळा तपासायला आले. सरांनी मोठ्या अभिमानाने त्यांना खोलीत आणून बसवलं. आठवीची तुकडी उभी राहिली, रेकॉर्डिंग सुरू झालं आणि मुलं एका सुरात उत्तरं देऊ लागली. चार प्रश्न झकास झाले. पाचवा प्रश्न झाला, मुलांनी उत्तर दिलं आणि पन्नास तोंडांतून एकदम "शूऽऽऽ" असा आवाज आला. कुकरची शिट्टी त्यांनी उत्तराचा भाग समजून पाठ केली होती. मशीनमधली मी म्हणाले, "व्हेरी गुड." साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हा कुठला उच्चार?" मी म्हटलं, "वरणभाताचा, साहेब." त्यांनी शेऱ्यात "उपक्रम अभिनव" असं लिहिलं, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

आता दर्शनाबद्दल. दर्शना ठाकूर नववीत होती. हुशार, अक्षर सुरेख, गणितात वरचे गुण, पण इंग्रजीच्या तासाला तोंड उघडायची नाही. मी उभी केली की पायाच्या अंगठ्याने फरशी कुरतडत राहायची. मी दोन मिनिटं वाट बघायची आणि बस म्हणायची. ती गप्पच बसणारी मुलगी आहे, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. शिक्षकाला असं ठरवून टाकणं फार सोयीचं असतं.

एकदा मधल्या सुट्टीत मी संगणकाच्या खोलीवरून चालले होते. आतून माझाच आवाज आला. तुझे वडील काय करतात, असं मी इंग्रजीत विचारत होते. मग दुसरा आवाज आला. वडील कंपनीत जातात, ठेकेदाराकडे आहेत, रात्रपाळीहून आले की झोपत नाहीत, आधी शेतावर जातात. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण अडखळणं नव्हतं. मी म्हणाले, "व्हेरी गुड. नेक्स्ट." खिडकीतून बघितलं तर दर्शना. एकटीच, हातवारे करून, स्पीकरला आपलं घर सांगत होती.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं, ते आता मला नीट कळतं. मी मुकाट पुढे जायला हवं होतं. मी दार उघडून आत गेले आणि म्हटलं, "छान! पण त्या वाक्यात तीन चुका आहेत." फळ्यावर त्या तिन्ही लिहूनही दाखवल्या. दर्शनाने वहीत उतरवून घेतल्या. ती "येस मॅडम" म्हणाली आणि पुन्हा मला त्या खोलीत दिसली नाही.

दहावीच्या वर्षात एका कारखान्याच्या प्रशिक्षण केंद्राचं पत्र आलं. दहावी झालेल्या काही मुलींना ते दोन वर्षं प्रयोगशाळेतलं काम शिकवणार होते, राहण्याजेवणाची सोय करून, आणि पुढे नोकरी मिळण्याची बरीच शक्यता होती. परीक्षा संपली की मुलाखत, आणि ती इंग्रजीत. दर्शनाचे वडील, बबन ठाकूर, फॉर्मवर सही करायला शाळेत आले. माणूस सरळ होता. म्हणाला, "मॅडम, माजी ना नाय. पण हितं नाय लागली तर पुढं शिकवायला मना जमनार नाय. ठेकेदार बोललाय, कँटीनला जागा हाय. कांदे कापायला इंग्रजी लागत नाय." दर्शना शेजारी उभी होती. ती अंगठ्याने फरशी कुरतडत होती.

परीक्षा संपली, तेव्हा मुलाखतीला तीन आठवडे होते. मी तिला म्हटलं, रोज ये, आपण बोलण्याचा सराव करू. ती आली, समोर बसली आणि पहिल्या दिवशी एकूण चार शब्द बोलली. दुसऱ्या दिवशी तीन. मी शक्य तितकं गोड बोलत होते, पण चूक झाली की माझी भुवई आपोआप वर जायची आणि ती बरोबर तिथे थांबायची. तिसऱ्या दिवशी आमच्या शाळेच्या शिपाई सुमनताई माझ्याजवळ आल्या.

"मॅडम, राग नाय ना येनार?"

"बोला."

"तिला त्या मशीनसंगती बोलू द्या. आनि तुमी तिकडनं जाव नका. तुमच्या चपला वाजल्या ना, का ती गप होते. तुमी जाईपरत गपच ऱ्हाते."

म्हणजे ती येत होती तर. मी स्टाफरूममध्ये असले की सुमनताई तिला खोली उघडून देत होत्या, वर्षभर. शाळेतल्या सगळ्यांना हे माहीत होतं, एक मी सोडून. मला राग आला, मग फार वाईट वाटलं. ज्या आवाजाला ती घाबरत होती, त्याच आवाजाशी बोलायला ती चोरून येत होती.

त्या रविवारी मी पुन्हा स्वयंपाकघरात बसले आणि मुलाखतीत विचारतात तसे प्रश्न घालून नवं रेकॉर्डिंग केलं. आठ ठोके, व्हेरी गुड, नेक्स्ट. कुकरही लावला, पाचव्या प्रश्नाला शिट्टी होईल असा अंदाज बांधून. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. यजमान म्हणाले, "आज भाताचा फार गिचका झालाय." पुढचे अडीच आठवडे मी स्टाफरूमला शाळेच्या मागून, स्वच्छतागृहांच्या बाजूने, मैदानाला वळसा घालून जायची. सहकारी विचारायचे तर वजन कमी करते आहे, असं सांगायची.

मुलाखत घेणारे साहेब परराज्यातल्या मुख्य कार्यालयात होते. ते संगणकाच्या पडद्यावरून मुलाखत घेणार होते, म्हणून जागा आमचीच खोली ठरली. पाच मुली होत्या. मी आणि सुमनताई बाहेर व्हरांड्यात, खिडकीपाशी. आमच्याकडे नेटची रेंज कशी असते ते सांगायला नको. पहिलीची मुलाखत सुरू झाली आणि साहेबांचं चित्र मध्येच गोठलं. तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला. ती बिचारी त्या चेहऱ्याकडे बघत गप्प झाली. चित्र हललं तेव्हा तिची वेळ संपली होती. दुसरीचं, तिसरीचं, चौथीचं तेच. चित्र थांबलं की मुलगी थांबायची.

शेवटी दर्शना आत गेली. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, घरच्यांबद्दल सांग. आणि चित्र गोठलं. मी सुमनताईंचा हात धरला. गेलं सगळं, असं वाटलं.

आतून दर्शनाचा आवाज आला. ती बोलत होती. समोरचा माणूस हलत नाही, मान डोलवत नाही, काही म्हणत नाही, या सगळ्याची तिला दोन वर्षांची सवय होती. तिच्या लेखी समोर शांतता झाली म्हणजे आपली बोलायची पाळी आली. तिने घरचं सांगितलं. पडदा तसाच. मग ती क्षणभर थांबली, स्वतःशीच हळूच म्हणाली, "व्हेरी गुड. नेक्स्ट," आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागली. प्रश्न क्रमाने तिच्या डोक्यात होतेच. तुला हे काम का करायचं आहे, तुला शाळेत काय आवडलं, अडचण आली तर तू काय करशील. पाचव्या उत्तरानंतर तिने एका शिट्टीपुरती जागा सोडली. सुमनताईंनी तोंडात पदर कोंबला.

नंतर कळलं, की साहेबांचं चित्र आणि आवाज फक्त आमच्याकडे अडकले होते. पलीकडे तिचं चित्र दिसत होतं आणि आवाज स्वच्छ जात होता. आधीच्या चौघी आपल्याकडे नुसत्या का बघत बसल्या आहेत, हे साहेबांना कळत नव्हतं.

दर्शना बाहेर आली. तिचा चेहरा फुलला होता. ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, कसा झाला?"

मला रडू येत होतं, इतका आनंद झाला होता. आणि माझ्या तोंडून निघालं, "दोन ठिकाणी भूतकाळ चुकलीस."

ती हसली, अगदी समजूतदारपणे, मोठ्या माणसाने लहान मुलाकडे बघून हसावं तशी. "ऱ्हावं दे मॅडम," ती म्हणाली, "मी मशीनमधल्या मॅडमना इचारते."

तिची निवड झाली. आठवड्याने बबन ठाकूर तांदळाची पिशवी घेऊन शाळेत आले, खिचडी व्हईल म्हणाले. सरांनी प्रोजेक्टरच्या यशाबद्दल संस्थेच्या वार्षिक अहवालात एक परिच्छेद लिहिला. प्रोजेक्टर त्या दिवशी बंद होता, हे मी निदर्शनास आणलं नाही. बाकीच्या चौघींपैकी दोघी कॉलेजला गेल्या. एकीचं लग्न झालं. एक कँटीनला आहे. ती मला बाजारात भेटते तेव्हा मान खाली घालून निघून जाते आणि मला अजून तिला हाक मारायचा धीर होत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. यंदा गणपतीच्या आधी दर्शना अचानक घरी आली. गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र, हातात पेढे. ती आता प्रयोगशाळेत नमुने तपासते, फोनवर परप्रांतीय इंजिनिअरांशी इंग्रजीत बोलते. तेवढ्यात तिला एक फोन आला, मी ऐकलं. चुका आहेत. भरपूर आहेत. इंजिनिअरचं काम अडलं नाही.

फोन ठेवून ती म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं नवीन पोरी आल्यात शिकायला. हुशार हायत, पन कोनी समोर आला का तोंडच उघडत नाय. ती आपली रेकॉर्डिंग हाय का तुमच्याकडं?"

रेकॉर्डिंग ज्या पेनड्राइव्हवर होतं, तो शाळेच्या डेडस्टॉकात चढलेला आहे. मी निघाले त्या दिवशी तो कपाटात कुलूपबंद झाला. आता तो मोडीत निघेपर्यंत कुणाला मिळायचा नाही. मी तसं सांगितलं.

"मग नवीन करूया," दर्शना म्हणाली आणि तिने मोबाईल टेबलावर ठेवला. "तुमी इचारा, मी पहिल्यांदा बोलून बगते, जागा बरोबर पडते का ते. पन आदी कुकर लावा. त्याच्याबिगर नाय जमनार."

मी डाळतांदूळ धुतले, कुकर चढवला आणि तिच्यासमोर येऊन बसले. बाहेर कॉम्प्रेसर चालू होता, तो असू दे म्हणाली. मी पहिला प्रश्न विचारला. तिने उत्तर दिलं. दुसरा, तिसरा, चौथा विचारला. "व्हेरी गुड" मी मोबाईलकडे बघूनच म्हणत होते, तिथे ते सोपं जातं. पाचवा प्रश्न होता, तुला शिकायला कुणी मदत केली.

ती बोलायला लागली. सुमनताईंचं नाव आलं, किल्लीचं आलं. मग म्हणाली, माझ्या मॅडम रोज उन्हातून मैदानाला वळसा घालून जायच्या, त्यांना वाटायचं मला दिसत नाही.

त्यात चार चुका होत्या. मी टेबलावर बोटाने ठोके मोजू लागले आणि तीनाच्या पुढचे आकडे मला आठवेनात. मी मोबाईलवरून नजर काढली, तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "व्हेरी गुड, दर्शना." तिच्या तोंडावर हे म्हणायला मला चौतीस वर्षं नोकरी आणि दोन वर्षं पेन्शन लागली. पुढचा शब्द काही केल्या फुटेना. आत कुकरची शिट्टी झाली. दर्शनानेच माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "नेक्स्ट, मॅडम."